घंटा, दोन

चर्चच्या ऑफिसात मी दुपारी दाखले लिहितो.
कुणाला कॅनडाला जायचंय, कुणाला लग्न करायचंय,
बाप्तिस्म्याची तारीख सगळ्यांनाच लागते.
बाहेर घोडबंदर रस्ता हॉर्न वाजवत असतो
आणि कपाटात, डांबराच्या गोळ्यांच्या वासात,
जन्मलेले नि मेलेले
एकाच कातडी बांधणीत झोपलेले.

परवा शोधत होतो एका पेरेराचा पणजा.
हाताला लागली भलतीच वही:
बस्त्याव घोन्साल्विस, सांक्रिस्तान, याचा खर्च,
सन एकोणीस ते अडतीस.
‘मेण, सव्वा शेर.
घंटेला काथ्याचा दोर, चेंदणीच्या कोळ्याकडून.
आगेऱ्याला बँडवाले सात, जेवले नऊ.’
हे फादरांच्या नजरेस पडलं नसावं.

तेव्हा गावात घड्याळं दोन, आणि दोन्ही मागे.
घंटा मात्र खाडी ओलांडून जायची.
कळव्याच्या मिठागरात वाकलेली माणसं
फावडं थांबवून मोजायची:
पुरुष गेला तर तीन, बाई गेली तर दोन,
मूल असेल तर धाकटी घंटा, एकदाच.
ती मोजावी लागत नसे.

सांतान बसऱ्याला गेला, खेचरांच्या तुकडीत.
जाताना म्हणे शिट्टीवर लितानी वाजवत होता,
विगारांनी कान पिळला म्हणून अर्ध्यावर राहिली.
लढाई संपली, दिवाळी झाली, नाताळ झाला,
मग कागद आला.
विगार तो घेऊन बांधाबांधानं तिच्या दारी गेले.
फिलसू भात सडत होती. मुसळ थांबलं नाही.
‘मेला असंल तर कागूद मेला, फादर.
घंटा वाजवाल तर
मी देवळात पुन्हा पाय ठेवणार नाय.’
विगार गोव्याचे, शिस्तीचे, प्रत्येक गोष्टीला लॅटिन असलेले.
ह्याला त्यांना सुचलं नाही.
घंटा वाजली नाही.
मृतांच्या वहीत नाव लिहून पुढची अर्धी ओळ कोरी सोडली.
अजून कोरी आहे.
मी आत्ताच बोट फिरवून पाहिलं.

मग एकोणीस आगेरे.
दर आगेऱ्याला ती भाताच्या दोन जुड्या आणायची,
एक तिची, एक त्याची,
वेदीच्या पायरीवर शेजारी शेजारी.
वरच्या आळीचं नि खालच्या आळीचं तेव्हा हाडवैर,
मिरवणुकीत कुरूस कुणी धरायचा यावरून
पास्कोल मुकादमाचं डोकं फुटलं,
एका वर्षी मिरवणूक निघालीच नाही,
कुरूस एकटा दाराला टेकून उभा.
पण दुसऱ्या जुडीचं नाव
कुठल्याच आळीनं काढलं नाही.

फिलसू गेली अडतीसच्या उपासकाळात.
मीठ धरायचे दिवस, ऊन पांढरं,
पाण्याकडे बघवत नाही असं.
बस्त्यावनं दोर धरला. दोन टोले.
मिठागरात कुणी म्हणालं, बाई.
माणसं पुन्हा वाकली,
फावडी पुन्हा चालू झाली,
एवढा वेळ तो थांबला.

आणि मग तीन.

‘बाप्या कोण?’ एका पोरानं विचारलं.
म्हाताऱ्या इनासनं उत्तर दिलं नाही,
टोपी काढली, खारट हातानंच कपाळाला क्रूस केला,
आणि त्या दिवशी कपाळ संध्याकाळपर्यंत चुरचुरलं,
असं तो पुढे सांगायचा,
जणू गोष्ट कपाळाचीच होती.

नव्या विगारांनी जाब विचारला.
बस्त्याव म्हणाला, वय झालं, हात अडकला.
पण वहीत त्याचंच गिचमिड अक्षर:
‘फिलसूबाय. खड्डा खणणारे दोघे. चहा, गूळ.
घंटा, दोन. आकार एकीचाच.’
खाली बेरीज चार आण्यांनी चुकलेली.
कुणीतरी लाल पेन्सिलीनं गोल केलाय,
तसाच सोडून दिलाय.

पेरेराचा पणजा अजून सापडलेला नाही.
उद्या टोरंटोहून फोन येईल.